अभ्यासिकेत बक्षीस का नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून

माझ्या अभ्यासिकेत मुलांना बक्षीस का मिळत नाही, हा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातील पालकांनी इतक्या वेळा विचारला आहे की आता लिहूनच उत्तर देते. पैसे वाचवणे हे कारण नाही. एक गोष्ट वाचली की तक्त्यावर एक तारा आणि पाच ताऱ्यांना एक सुगंधी खोडरबर, ही पद्धत मीच सुरू केली होती आणि मला तिचा अभिमान होता.

दुसरीतली एक मुलगी होती. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि ही शेजारी बसून पुडीच्या कागदावरचा मजकूरसुद्धा, कुणी न सांगता, तिला मोठ्याने वाचून दाखवायची. माझ्याकडे तिने सर्वांत जास्त तारे मिळवले. गड्डा यात्रेच्या दिवसांत मधला मारुती भागातल्या बाजारातून खोडरबर आणायचे माझ्याकडून राहून गेले. पाचवा तारा लावून मी तिला तसे सांगितले, तेव्हा तिने पुढची गोष्ट उघडलेले पुस्तक मिटले, माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि ती जागेवर जाऊन बसली. काही दिवसांनी मी घरी गेले, तर विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता आई म्हणाली, "बाई, आता वाच म्हटलं की मलाच विचारते, काय देशील?"

मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांविषयी मी नंतर वाचले. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन नावाचे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. दिवा लागण्यासारख्या एखाद्या खुणेनंतर रस येतो हे अंगवळणी पडले की त्या खुणेलाच चेततात, रसाला नाही. आणि ठरल्या वेळी रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही मंदावतात. मला ते मिटलेले पुस्तक आठवले. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या 1973 च्या प्रयोगाने तर मी अधिकच अस्वस्थ झाले. चित्रांची मुळातच आवड असलेल्या ज्या बालवाडीतल्या मुलांना आधी बक्षीस कबूल केले होते, ती पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. ज्यांना ते अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र घटली नाही.

माकडाच्या पेशींवरून त्या मुलीचे मन मला कळले, असे मी म्हणत नाही. शिवाय तेव्हाची मी आजच्या मला अजूनही अडवते: ज्या मुलाने कधी पुस्तक हाती धरले नव्हते आणि जो केवळ ताऱ्यांसाठी वाचू लागला, त्याचे काय? तो प्रयोग त्याच्यासारख्यांचा नव्हता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरीही तक्ता पुन्हा लावायला माझा हात धजावत नाही.

ती मुलगी आता सहावीत आहे आणि अभ्यासाचे सगळे वाचते. आईजवळ बसून मोठ्याने वाचते का, हे विचारायला मी अजून गेलेले नाही.