गो भाषा थेट सी पासून चढवत आणली, त्याचा अनुभव

गो या प्रोग्रामिंग भाषेची तयार बायनरी (थेट चालणारी फाइल) डाउनलोड करून पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात तिथे) टाकली की पाच मिनिटांत काम होतं, हे मलाही माहितीये, त्यामुळे ते सांगायला येऊ नका. डोक्यात किडा वेगळाच होता. गो चा कंपायलर (कोडवरून चालणारा प्रोग्राम बनवून देणारा) स्वतःच गो मध्ये लिहिलेला आहे, मग कुठलीच तयार गो बायनरी न घेता तो बनवायचा कसा? 2014 चं 1.4 हे शेवटचं व्हर्जन ज्याचा कंपायलर सी या दुसऱ्या भाषेत होता, 2015 ला 1.5 आलं आणि सी सुटलं. नवं व्हर्जन बनवायला आधीचं एखादं लागतं, फार जुनं चालत नाही, म्हणजे सुरुवात 1.4 पासून, मग 1.17, मग 1.20, मग 1.22 आणि मग कुठे 1.24.

ऑफिसातला मित्र म्हणे, "तुझ्या लिनक्समध्ये, डेबियन 12 मध्ये, 1.19 आहे ना बे, ॲप्ट कमांडने टाक अन् तिथून पुढे जा, कशाला डोकं लावून राहिला?" बरोबर आहे, घाई असेल तर तेच करा. पण ती पण तयार बायनरीच झाली ना.

सगळ्यात जास्त छळलं 1.4 नेच. बूटस्ट्रॅपवालं (म्हणजे या पहिल्या पायरीसाठीचं) टारबॉल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, काढलं, मेक डॉट बॅश ही बिल्ड करणारी स्क्रिप्ट चालवली, बरंच पुढे गेलं आणि रनटाइम सीगो वर (गो ला सी शी जोडणारा भाग) येऊन आडवं पडलं, एरर काय तर अननोन रिलोकेशन टाइप 42. रिलोकेशन म्हणजे तुकडे जोडताना पत्ते भरायची खूण, आणि हा 42 नंबरचा प्रकार बिनयुटिल्समध्ये (लिनक्सवरची असेंबलर-लिंकरची साधनं) 2016 ला आला, आता गो च्या 2014 च्या लिंकरला (तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामला) तो कुठून माहीत असणार! सीगो एनेबल्ड ही सेटिंग शून्य केली की गप बसतं, पुढच्या पायरीसाठी सीगो लागतही नाही.

पुढचं मग सोपं. गोरूट बूटस्ट्रॅप या सेटिंगमध्ये आधीच्या व्हर्जनचा फोल्डर द्यायचा आणि परत मेक डॉट बॅश. 1.17 गाळून 1.4 वरून सरळ 1.20 वर उडी मारता येते का हे मुद्दाम करून पाहिलं, नाही येत, आणि नकार द्यायची पद्धत भारी आहे, आत एक फाइल ठेवलीये जिच्या पॅकेजचं नावच "गो बिल्ड करायला 1.17.13 किंवा पुढचं लागतं" असं आहे, त्यामुळे जुना कंपायलर दोन वेगळी पॅकेजं सापडली म्हणून ओरडतो आणि ते वाक्य आपोआप स्क्रीनवर येतं.

प्रत्येक व्हर्जनला स्क्रीनवर टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) 1, 2, 3 असं येतं. जुन्या कंपायलरने नवा बनवायचा, त्या नव्याने परत तोच, आणि त्याने परत एकदा, म्हणजे जुन्याचा अंशही उरत नाही. पण मे महिन्यातल्या नागपुरात हे म्हणजे लॅपटॉपचा छळ आहे, बाहेर 45, आत फॅन बोंबलून राहिला, शेवटी कूलरसमोर स्टूल ओढून त्यावर ठेवला (पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत इतका लांब, नाहीतर गो राहील आणि लॅपटॉप जाईल).

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाने 1984 मध्येच दाखवलं होतं की कंपायलरमध्ये अशी चोरवाट लपवता येते की सोर्स कितीही वाचा, दिसणार नाही. आणि हाच माणूस पुढे गो बनवणाऱ्या तिघांपैकी एक! 1.21 पासून गो चं बिल्ड बिट न् बिट तेच येतं, तुम्ही कुठल्याही मशीनवर करा. म्हणून 1.24 ला मेक डॉट बॅशला डिस्टपॅक हा पर्याय (वाटायचं टारबॉल बनवणारा) जोडून चालवलं, तयार झालेल्या टारबॉलचा शा 256 (फाइलचा ठसा असलेला आकडा) काढला आणि गो च्या साइटवरच्या आकड्याशी लावून पाहिला. सेम टू सेम! खुर्चीतून उठून मित्राला फोन केला तर तो म्हणे, "अन् जीसीसी कुठून आणला?" जीसीसी, म्हणजे 1.4 ज्याने बनवलं तो सी चा कंपायलर, डेबियनचा तयारच होता, तेवढी शंका राहतेच, पण ती गो ची नाही.

मधले फोल्डर उडवले, 1.24 चा तेवढा ठेवलाय कारण 1.26 ला तोच लागतो.