तुम्ही विचारलंत म्हणून: पार्ट कुठं जातो आणि माणसं कुठं जातात

प्रश्न नेहमी एकाच वाटेनं येतो. आधी ‘सध्या काय चाललंय’, मग ‘डिफेन्सचं काम करता म्हणे’, आणि चहा निम्मा झाला की खरा मुद्दा : ‘बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छ्यातल्या कारखान्यात झालेला पार्ट शेवटी लढाईतच जातो ना ओ? आणि तिथनं जी माणसं जीव घेऊन पळतात, त्यांना आपलंच सरकार औषधं आणि तंबू पाठवतं. हे जमतं कसं? आणि तुम्हाला चालतं कसं?’ एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी चहा तरी गरम पिता येईल.

मी लष्करी आणि दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालणाऱ्या, मालाचे निर्यातीचे कागद करतो. शस्त्र बनवत नाही, विकतही नाही. हे वाक्य मी ढालीसारखं पुढं करतो, हे तुम्हाला कळतं आणि मलाही. तरी ते खरं आहे.

आधी पार्टचं बोलू. वर्कशॉपला ड्रॉइंग येतं. उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये पार्ट नंबर, मटेरियल, रिव्हिजन आणि नाव. नाव म्हणजे ‘रिंग’, ‘हाउसिंग’ नाहीतर ‘ब्रॅकेट’. हा ब्रॅकेट प्रवासी विमानाच्या सीटखाली बसणार की क्षेपणास्त्राच्या नळकांड्यात, हे ड्रॉइंग सांगत नाही. सीएनसी मशीनवर उभ्या पोराला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, दिसतो, गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक दिसत नाही. कधी तळाला बारीक अक्षरात अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाची सूचना असते. ती असली की समजायचं, नुसता पार्टच नव्हे, ते ड्रॉइंग दुसऱ्याला मेल करणंसुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. आपल्याकडेही तेच. नियंत्रित तंत्रज्ञान मेलने बाहेर गेलं तरी कायद्याने ती निर्यातच. हे अजून कितीतरी जणांना पटत नाही. ‘माल कुठं गेलाय, फक्त पीडीएफ पाठवली,’ म्हणतात.

मग वर्गीकरण. कस्टम्सचा कोड वस्तूच्या रूपावरून ठरतो, तर स्कोमेट यादीतला (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाच्या आणि तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतला) क्रमांक ती कशासाठी डिझाइन केली यावरून. पोलादाची एखादी रिंग शिपिंग बिलावर ७३२६ खाली, म्हणजे ‘लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू’ म्हणून जाऊ शकते. तीच रिंग तोफगोळ्यासाठी खास डिझाइन केलेली असेल तर ती स्कोमेटच्या सहाव्या वर्गात, ६ए००३ खाली येते. हा सहावा वर्ग, म्हणजे युद्धसामग्रीची यादी, कित्येक वर्षं ‘राखीव’ एवढंच लिहून रिकामा होता. २०१७ मध्ये तो भरला आणि त्याच वर्षाच्या शेवटी भारत वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात, गेला. सहाव्या वर्गाचा अर्ज संरक्षण उत्पादन विभागाकडे जातो. त्याला खरेदीची ऑर्डर, तांत्रिक तपशील, मालाची पूर्ण साखळी (विकत घेणारा, माल उतरवून घेणारा, शेवटी वापरणारा) आणि अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. अर्ज परत येतो तो बहुतेक इथंच. प्रमाणपत्रातला ऑर्डर नंबर आणि खऱ्या ऑर्डरचा नंबर जुळत नाही. सही आहे, पण सही करणाऱ्याचा हुद्दा नाही. किंवा वापरणाऱ्याऐवजी मधल्या व्यापाऱ्यानेच प्रमाणपत्र देऊन टाकलेलं असतं. वर्णनात नुसतं ‘मशिन्ड कंपोनंट’ लिहिलं तर पहिली शंका तिथंच येते. एवढं सगळं सुरळीत झालं तर परवाना मिळतो, त्यात नग लिहिलेले असतात आणि पाठवाल तसे त्यातून वजा होत जातात.

आता त्या प्रमाणपत्रात काय असतं ते बघा. माल सांगितलेल्या कामालाच वापरू, अण्वस्त्र-रासायनिक-जैविक अस्त्रांसाठी वापरणार नाही, भारत सरकारच्या संमतीशिवाय तिसऱ्याला देणार नाही, तपासणीला या म्हटलं तर येऊ देऊ. इकडे अर्ज तपासताना वापरणाऱ्याची पत, माल दहशतवाद्यांच्या हाती जायचा धोका, परराष्ट्र धोरण, सगळं बघतात. पण वापरणारा हा माल कोणावर वापरील, नागरी वस्तीवर पडेल का, असा थेट निकष तिथं नाही. तो आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करारात आहे. निर्यात करणाऱ्या देशाने आधी तो धोका तपासायचा, असं त्याचं सातवं कलम सांगतं. २ एप्रिल २०१३ ला संयुक्त राष्ट्रांत त्यावर मतदान झालं : १५४ बाजूने, ३ विरुद्ध, २३ तटस्थ. भारत त्या २३ मध्ये होता. करार शस्त्रं विकणाऱ्या देशांकडे झुकलेला आहे आणि दहशतवाद्यांबद्दल त्यात दम नाही, हा आपला आक्षेप होता. २०१३ मध्ये आपण मुख्यतः घेणारे होतो, तेव्हा तो समजण्यासारखा होता. २०१३-१४ ची आपली संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची. २०२४-२५ ची २३,६२२ कोटींची. विकणाऱ्यांच्या बाजूला येऊनही आपण जुनाच आक्षेप घेऊन बसलोय.

पूर्वी मी ठासून सांगायचो की कागद चोख असला की नीती आपोआप सांभाळली जाते, कारण चोरीचा माल चोरवाटेनेच जातो. ते अजूनही निम्मं खरं वाटतं. उरलेल्या निम्म्याचं उत्तर म्यानमारमध्ये आहे, म्हणून तिथं जरा थांबतो.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने सत्ता घेतली. थोड्याच दिवसांत चिन टेकड्यांतली माणसं सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये यायला लागली. गोळीबाराचे हुकूम मानायला नकार दिलेले पोलीसही त्यांत होते. १० मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाचं पत्र ईशान्येच्या चार राज्यांना आणि आसाम रायफल्सला गेलं. कोणाही परदेशी माणसाला निर्वासिताचा दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही, १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या प्रोटोकॉलवर भारताची सही नाही, येणाऱ्यांना अडवा, आलेल्यांना परत पाठवा. त्यात कायद्याच्या दृष्टीने चुकीचं काही नव्हतं. आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही, आणि कायदा नसला की पत्रच कायदा होतं. १८ मार्चला मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना लिहिलं की ही आमचीच माणसं आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवणं आम्हाला जमणार नाही.

आणि मग मणिपूर. २६ मार्चला तिथल्या गृहविभागाने चंदेल, टेंगनौपाल, कामजोंग, उख्रुल आणि चुराचांदपूरच्या उपायुक्तांना परिपत्रक पाठवलं. निवारा किंवा अन्न द्यायला छावण्या उघडू नका. सामाजिक संस्थांनाही उघडू देऊ नका. आधार नोंदणी ताबडतोब थांबवा आणि नोंदणीचे संच ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवा. कोणी आश्रय मागायला आलं तर त्याला नम्रपणे परत पाठवा. गंभीर जखमी असेल तर माणुसकी म्हणून उपचार करा. मी दिवसभर सरकारी मजकूरच वाचतो, त्यामुळे हे परिपत्रक कामाचं म्हणून बघितलं तर उत्तम आहे. काय करायचं, काय नाही, अपवाद कुठला, सगळं स्पष्ट. आधारचे संच कपाटात घालायचंही ज्याला सुचलं, त्याला काम येतं. असल्या कामसू माणसाच्या हातात निर्वासितांचा कायदा असता तर त्याने तेवढ्याच चोखपणे छावणीत पाणी किती, शिधा किती, दाखला कोणी द्यायचा, हे लिहिलं असतं. ओरड झाली आणि २९ तारखेला परिपत्रक मागं घेतलं. लोकांनी चुकीचा अर्थ काढला, असं सांगितलं.

त्या दोन तारखांच्या मधे २७ मार्च येतो, म्यानमारचा सशस्त्र सेना दिन. राजधानीत संचलन झालं. ज्या आठ देशांचे प्रतिनिधी तिथं हजर होते, त्यांत भारत होता. त्याच दिवशी त्या देशात शंभरावर नागरिक मारले गेले. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नका असा ठराव आला, तो ११९ विरुद्ध १ ने मंजूर झाला. ३६ देश तटस्थ राहिले, त्यांत आपण. पुढं मे २०२३ मध्ये म्यानमारमधल्या मानवी हक्कांवरचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या अहवालात आकडे आले : सत्तापालटानंतर म्यानमारच्या लष्कराकडे गेलेल्या शंभर कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या शस्त्रांत आणि साहित्यात भारतातून गेलेला वाटा ५ कोटी १० लाख डॉलरचा. रशियाचा ४० कोटी ६० लाख आणि चीनचा २६ कोटी ७० लाख. आपला वाटा त्यामानाने लहान, हे खरं. पण तो लपूनछपून गेलेला नाही. सरकारी कंपन्यांकडून आणि खाजगी कंपन्यांकडून, दोन्हीकडून गेला.

म्हणजे माझं ‘कागद चोख तर नीती चोख’ इथं बसत नाही. कागद चोखच असणार.

यावर लगेच बचाव तयार असतो, तोही ऐका, कारण तो खोटा नाही. ईशान्येतल्या बंडखोरांचे तळ म्यानमारच्या बाजूला आहेत. तिथल्या लष्कराशी संबंध तोडले तर ते तळ मोकळे राहतात आणि आपण सोडलेली जागा चीन भरतो. दिल्लीत बसलेल्या माणसाला हा हिशोब करावा लागतो, बेळगावात बसून नाकं मुरडणं सोपं. मला हे पटतं. मात्र या हिशोबात चिन टेकड्यांतल्या त्या माणसाचा रकाना कुठं आहे, ते मला आजवर कोणी दाखवलेलं नाही. मिझोराममध्ये तीस हजारांवर माणसं राहिली ती चर्चच्या, यंग मिझो असोसिएशनच्या आणि गावागावच्या तांदळावर. ३ मे २०२१ ला मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात अर्ज करू दिला. जिवाला धोका असेल तिथं परत न पाठवणं हे राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतं, असं न्यायालय म्हणालं. सात माणसांना दार उघडलं ते एका रिट अर्जाने.

गाझाबद्दलही विचारता. थोडक्यात सांगतो. २२ ऑक्टोबर २०२३ ला वायुदलाच्या विमानाने सुमारे साडेसहा टन औषधं आणि ३२ टन मदतसामग्री इजिप्तच्या अल-अरिशला नेली. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संयुक्त राष्ट्र संस्थेला आपण वर्षाला ५० लाख डॉलर देतो. आणि ९ सप्टेंबर २०२४ ला इस्रायलला शस्त्रनिर्यात थांबवा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण आमचा प्रांत नाही आणि करार मोडले तर कंपन्यांवर दावे होतील, असं कारण दिलं. यातली एक बारीक गोष्ट बघा. मदतीची बातमी टनांत येते, सामानाच्या नावांसकट : तंबू, ताडपत्री, झोपायच्या पिशव्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. शस्त्रनिर्यातीची बातमी कोटींत येते, आणि नग किती, कोणत्या वर्गातले, कोणाला, हे संसदेत विचारलं तरी ‘सामरिक कारणांमुळे’ सांगता येत नाही. माहिती अधिकारात माहिती नाकारायची मुभा देणारं आठवं कलम आडवं येतं.

‘पण आपण निर्वासितांना नेहमीच जागा दिली,’ असं कोणीतरी म्हणतंच, आणि पुरावे आपल्याच भागातले देतं. मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, आणि थंडीत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल सगळ्यांनी बघितलेत. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पाचेक हजार पोलिश लोक राहिले. दोन्ही खरं. पण वळिवड्याचा खर्च लंडनला असलेल्या पोलिश सरकारने उचलला होता, आणि मुंडगोडला जमीन मिळाली ती नेहरूंच्या काळात ठरलेल्या धोरणाने. कायदा तेव्हाही नव्हता. धोरण मनात आलं की येतं, मनातून गेलं की जातं. आपल्या सीमाभागाला हे वेगळं सांगायला नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात ‘चंदगड तालुका वगळून’ एवढे शब्द होते, म्हणून चंदगड आजच्या महाराष्ट्रात राहिलं आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात आलं.

राहिलं, ‘तुम्हाला चालतं कसं?’ उद्यमबागेत वाहनउद्योगाची ऑर्डर कमी झाली की महिनामहिना मशीन थंड असतं, आणि डिफेन्सचं काम आलं की तेच मशीन दोन शिफ्टमध्ये चालतं. फौंड्रीतल्या, हीट ट्रीटमेंटमधल्या माणसाला घरी बसायला सांगून युद्ध थांबणार नाही. हा युक्तिवाद शस्त्रं विकणारा प्रत्येक देश करतो, हे मला माहीत आहे, म्हणून त्याने माझं समाधान होत नाही. पण त्याला उत्तरही सापडत नाही. फिलिपिन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्र गेलं तेव्हा मला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. म्यानमारचे आकडे वाचून तसं वाटलं नाही. दोन्हीकडे कागद तेच.

तेव्हा मला विचारून तुम्हाला उत्तर मिळणार नाही. बेळगाव आणि चिक्कोडी, आपले दोन खासदार आहेत. लोकसभेत प्रश्नाला पंधरा दिवसांची नोटीस लागते. प्रश्न मोघम नको. ‘शस्त्रनिर्यात का करता’ असं विचारलं तर विक्रमी आकड्यांचं भाषण मिळेल. त्याऐवजी असं विचारायला सांगा : स्कोमेटच्या सहाव्या वर्गातले, ज्या देशांत अंतर्गत सशस्त्र संघर्ष चालू आहे तिथले किती अर्ज गेल्या तीन वर्षांत मंजूर झाले, किती नाकारले, आणि माल पोचल्यावर जागेवर जाऊन किती तपासण्या केल्या. देशांची नावं मागू नका, म्हणजे ‘सामरिक कारण’ पुढं करायला जागा उरत नाही. त्याच अधिवेशनात दुसरा प्रश्न गृहमंत्रालयाला : १० मार्च २०२१ चं पत्र अजून लागू आहे का?