पान 38 आणि पान 171

मुद्रितशोधकानं मजकुरात नाक खुपसायचं नसतं. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सुटलेल्या ओळी, पानांचे आकडे, एवढंच आपलं काम. बावीस वर्षं मी हे पाळलं आणि एका गुरुवारी दुपारी मोडलं.

कादंबरी 192 पानांची होती. सोळा पानांचा एक फर्मा, असे बरोबर बारा फर्मे. नवऱ्याचा मार सोसून शेवटी घराबाहेर पडलेली बाई, दुसऱ्या गावात भाड्याची खोली, पतसंस्थेतली नोकरी आणि हळूहळू आयुष्यात आलेला दुसरा माणूस. लेखिका कराडकडच्या निवृत्त शिक्षिका, त्यांचं पहिलंच पुस्तक. "प्रेमकथा आहे, फार डोकं लावू नका. सोमवारी छपाईला जायचीय," असं प्रकाशकानं बजावलं होतं.

फाइल जुन्या फॉन्टमधली होती. त्यात शब्द शोधायची सोय धड चालत नाही. म्हणून कुठला शब्द कुठल्या पानावर कसा लिहिलाय, ते मी वहीत टिपून ठेवतो. वहीत नोंद होती: पान 38 मणगट, पान 171 मनगट. 'ण'चा 'न' करण्यासाठी दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि लाल पेन हातातच राहिलं.

पान 38 वर होतं, 'त्यानं तिचं मणगट घट्ट धरलं आणि तिला आत ओढलं. तिचं काही चाललं नाही.' पान 171 वर, 'त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं आणि तिला जवळ ओढलं. तिचं काही चाललं नाही.'

पहिला 'तो' नवरा आणि दुसरा नायक. खरं सांगायचं तर आदल्या रात्री 171 वाचताना मला प्रसंग आवडला होता. पाऊस, गेलेली वीज, सगळा मालमसाला होता. 'ण' चुकला नसता तर मी तसाच पुढे गेलो असतो.

मग पहिला भाग पुन्हा वाचायला घेतला, या वेळी चुका सोडून. तेव्हा दुसरीच गोष्ट दिसली. 'तिला मार बसायचा.' 'तिनं मार खाल्ला.' 'त्या रात्री हात उचलला गेला.' पहिल्या साठ पानांत मार अठरा वेळा आला होता आणि 'त्यानं मारलं' हे वाक्य एकदाही नव्हतं. आपली भाषाच अशी सवलत देते. मार 'बसतो', थंडी वाजावी तसा. मार 'खाल्ला' म्हटलं की क्रिया बाईच्याच नावावर जाते. व्याकरणाची चूक एकही नव्हती, त्यामुळे माझ्या पेनाला तिथं काही काम नव्हतं.

लेखिकेला फोन केला. "बाई, शुद्धलेखनापलीकडचं विचारू का?"

"विचारा की."

दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचली.

"प्रेमाच्या गोष्टीत असंच असतंय म्हणून लिहिलं हो. इतकी पुस्तकं वाचली, सगळ्यांत असंच." मग थोडं थांबून, "आणि अडतीसवर एक राहिलंय. लिहून घ्या. मनगट असं धरलं की बांगडी आत मोडते. काच मांसात राहते. दोन दिवस भात कालवताना टोचते."

मी लिहून घेतलं. पुढे काही विचारलं नाही.

मार बसण्याचंही सांगितलं. त्यावर त्या हसल्या. "तीस वर्षं फळ्यावर 'कर्ता ओळखा' लिहीत आले मी!" अठरापैकी अकरा ठिकाणी त्यांनी फोनवरच 'त्यानं' घालायला लावलं. सात तशीच ठेवली, कारण ती वाक्यं नायिकेच्या आईच्या तोंडची होती. "आई असंच बोलणार," म्हणाल्या.

आईचंच आणखी एक वाक्य मी प्रश्नचिन्ह घालून ठेवलं होतं. 'घर त्याच्या नावावर, तुझा काय हक्क?' मागं एका कायद्याच्या पुस्तिकेची प्रुफं वाचली होती, तेव्हापासून डोक्यात होतं की कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे आणि त्यात घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे.

"ते ठाऊक आहे मला. तिच्या आईला नव्हतं. राहू दे."

तारखांचा घोळ मात्र त्यांना माहीत नव्हता. नायिका दिवाळीच्या पाडव्याला घर सोडते आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला नायकाशी लग्न करते, मध्ये एका ओळीत परस्परसंमतीनं घटस्फोट. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब प्रमाणे अर्ज करायलाच आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर सहा महिन्यांची मुदत. ती माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली म्हटलं, पण म्हणून सगळं सहा महिन्यांत उरकत नाही. आणि हा नवरा तर संमती देणाऱ्यातला वाटत नव्हता.

"मग लग्न मोडूया," बाई म्हणाल्या. गुरुजनांच्या आवाजात, जणू सहल रद्द करताहेत.

शुक्रवारी रात्री त्यांची नवी पानं आली, वहीच्या कागदावर हातानं लिहिलेल्या मजकुराचे फोटो. 171 वर नायक भिजून दारात उभा. उंबऱ्याच्या बाहेर. 'येऊ का आत?' तो विचारतो. 'आज नको,' ती म्हणते. तो 'बरं' म्हणतो आणि जिना उतरतो. ती आतून कडी लावते आणि ती नीट बसली का, हे पाहायला हात मागे न्यायला जाते, मग नेत नाही.

बांगडी आणि 'त्यानं' वाढल्यामुळे मजकूर 193 व्या पानावर गेला होता. प्रकाशक भडकला. "चार ओळींसाठी तेरावा फर्मा छापू?" मी म्हटलं, शेवटची अडीच पानं उडताहेत, मुहूर्ताची. जागाच उरेल. त्यावर तो जास्तच भडकला. लग्नाशिवाय प्रेमकथा विकायची कशी, मुखपृष्ठावर मुंडावळ्या आहेत त्यांचं काय, आणि मुळात मुद्रितशोधकाला हे कुणी सांगितलं होतं. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंडावळ्या शनिवारी निघाल्या, त्याचे पैसे चित्रकारानं वेगळे लावले.

रविवारी अंतिम प्रूफ आलं. 38 वर 'मनगट', 171 वर तो शब्दच नाही. 'उंबर्‍या'चा 'र्‍या' त्या फॉन्टमध्ये तुटत होता, तेवढा दुरुस्त करायला सांगितला. शेवटी दोनाहून थोडी जास्त पानं कोरी राहिली. तिथं पाककृतींच्या पुस्तकाची जाहिरात टाकतो, असं प्रकाशक म्हणाला. मी पानांचे आकडे पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि 'छपाईस हरकत नाही' लिहून सही केली.