तुम्ही विचारलंत म्हणून : जनावरांचं साथरोगशास्त्र शिकायचंय, पण पैसे?

पशुवैद्यकाची इंटर्नशिप संपत आली की मुलामुलींचे फोन सुरू होतात. "मॅडम, एपिडेमिऑलॉजीत मास्टर्स करायचंय. परदेशात जाऊ का? पैशांचं कसं करू?" दर वर्षी हेच विचारलं जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

पैशांआधी एक आठवण. मी इंटर्न असताना एका गावात आम्ही गाभडलेल्या गायींचं रक्त तपासलं. रोझ बंगाल या रक्तचाचणीत आठपैकी पाच पॉझिटिव्ह. गायी गाभडवणारा ब्रुसेला जंतू आपल्याला सापडला, याचंच मला केवढं अप्रूप! सरांनी एवढंच विचारलं, "गावात गाभण किती होत्या?" मला सांगता येईना. न गाभडलेल्या एकाही गायीचं रक्त आम्ही घेतलं नव्हतं, मग तुलना करणार कशाशी? पुढचे चार दिवस मी गोठ्यागोठ्यांतून हिंडले. गाय घरची की बाजारातून आणलेली, व्यायल्यावर पडलेली वार पुरतात की उकिरड्यावर टाकतात, कच्चं दूध घरात कोण पितं, सगळं वहीत उतरवलं. चार ते आठ महिन्यांच्या किती कालवडी आहेत तेही मोजलं, कारण ब्रुसेलाची लस त्याच वयात टोचायची असते. त्या चार दिवसांत मी एकाही जनावरावर उपचार केला नाही, तरी गावाच्या उपयोगी पडल्यासारखं पहिल्यांदा वाटलं. हे वाचून "यात कसली डॉक्टरकी?" असं मनात आलं, तर दुसरा विषय घ्या. मनापासून सांगते.

आता पैसे. माझं मत स्पष्ट आहे : मास्टर्स इथे करा, पीएचडीसाठी बाहेर जा. आपल्याकडे एमव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकातल्या मास्टर्सला, हा विषय 'पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य व साथरोगशास्त्र' या नावाने शिकवतात. नागपूरच्या 'माफसू'च्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) महाविद्यालयांत आहे, बरेलीजवळ इज्जतनगरच्या आयव्हीआरआयमध्ये, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही आहे. (ही संस्था 1889 साली सुरू झाली ती पुण्यात, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.) आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक आला तर पीजी शिष्यवृत्ती मिळते (तिला पूर्वी जेआरएफ म्हणत), म्हणजे दर महिन्याला विद्यावेतन. त्या परीक्षेला इंटर्नशिपमध्येच बसा. प्रबंधाचा विषय ठरवताना बंगळुरूच्या 'निवेदी'चं काम जरूर पाहा. जनावरांच्या रोगांची माहिती गोळा करून साथीचा अंदाज बांधणं हेच त्या संस्थेचं काम आहे.

परदेशातलं मास्टर्स बहुधा स्वतःच्या खिशातून करावं लागतं, आणि ब्रिटनमध्ये बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी फार जड. ब्रिटिश सरकारची कॉमनवेल्थ किंवा चिव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर जा. चिव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, पण अर्जाआधी विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट वाचा. फक्त पशुवैद्यक शिकवणारी नावाजलेली संस्था एकूण क्रमवारीत नसते, असं होतं. गेल्या वर्षी एका मुलाच्या घरी जमिनीचा तुकडा विकायची तयारी चालली होती. त्याच्या वडिलांशी मी तासभर बोलले. एका वर्षाच्या पदवीसाठी जमीन विकू नका, हेच तुम्हालाही सांगते.

पीएचडीचं गणित वेगळं. नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन इथे पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते. जाहिरात एखाद्या प्रकल्पासाठी निघते. तुम्ही तिला अर्ज करता आणि खर्च प्रकल्प उचलतो. त्यामुळे प्राध्यापकांना "माझ्यासाठी काही जागा आहे का?" असं पत्र पाठवू नका. तुम्ही काय मोजलं, कितीतून मोजलं, कुठे चुकलं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. तालुक्याच्या दवाखान्यात दोन वर्षं काढलेल्या माणसाकडे लिहिण्यासारखं पुष्कळ असतं. लम्पीच्या साथीत गावोगाव लसीकरण करत फिरलात ना? गावात जनावरं किती होती, लस कितींना आणि कधी दिली, त्यानंतर आजारी किती पडली, ती रजिस्टरं अजून कपाटात असतील. रीतसर परवानगी घेऊन ती बाहेर काढा आणि आकडे 'आर'मध्ये भरायला बसा. आकडेवारीचं ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पत्राचा मसुदा झाला की मला पाठवा. मी वाचते आणि खुणा करून परत पाठवते.