लिओंच्या रेशीम व्यापाऱ्याचा नेम

फ्रान्समधील लिओं शहरात मी ज्या क्रुआ-रूस टेकडीवर राहतो, तेथील जुन्या घरांची छते फार उंच आहेत, कारण एके काळी प्रत्येक खोलीत रेशमाचा भलामोठा माग बसवलेला असे. आमच्या जिन्यात समोर राहणारे सत्तरीचे गृहस्थ महिन्यातून एका संध्याकाळी काळा सूट घालून, हातात एक चपटी काळी बॅग घेऊन बाहेर पडतात. दोन वर्षे केवळ 'बोंसुआर' झाल्यावर एकदा मी धीर करून विचारले, तेव्हा त्यांनी न लपवता सांगितले की ते एका ख्रिस्ती 'नाइट', म्हणजे व्रतस्थ योद्ध्यांच्या परंपरेतल्या, संप्रदायाचे सदस्य आहेत. मी आणखी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, "तुम्ही ख्रिस्ती नाही, त्यामुळे तुम्हाला आत नेता येणार नाही. पण या सगळ्याचा जो जनक, त्याचे कागद पार-द्यूच्या ग्रंथालयात आहेत. ते वाचायला कोणाची परवानगी लागत नाही."

तो जनक म्हणजे झाँ-बातिस्त विलेर्मोझ, याच शहरात १७३० साली जन्मलेला रेशमाचा व्यापारी. विसाव्या वर्षी तो फ्रीमेसन, म्हणजे शपथा आणि पदव्या असलेल्या एका गुप्त बंधुमंडळाचा सदस्य, झाला आणि १८२४ साली, नव्वदी ओलांडून मरेपर्यंत, दिवसा कापडाचे हिशेब आणि रात्री गुप्त मंडळांचा पत्रव्यवहार असा त्याचा दुहेरी प्रपंच चालला. त्याच्यासंबंधी वाचायला लागलो तेव्हा माझ्या डोक्यात नंग्या तलवारी, रक्ताने केलेल्या सह्या असले काहीतरी होते. हाती लागले ते मात्र आपल्याकडच्या कोणत्याही कर्मठ घराला ओळखीचे वाटावे असे, म्हणजे सोवळे आणि नेम.

१७६७ साली विलेर्मोझची गाठ मार्तिनेस द पास्क्वाली या माणसाशी पडली. बोर्दोमध्ये राहणाऱ्या या गृहस्थाने 'एलू कोएन' नावाचा नाइटांचा एक संप्रदाय चालवला होता. 'कोएन' हा पुरोहितासाठीचा हिब्रू शब्द, म्हणून नावाचा अर्थ 'निवडलेले पुरोहित' असा होतो. आदामाच्या पतनाने माणूस आपल्या मूळ स्थानापासून ढळला असून प्रार्थना आणि विधी यांच्या बळावर त्याला तेथे परत जाता येते, ही त्यांची मूळ धारणा होती. पुढच्याच वर्षी, १७६८ मध्ये, विलेर्मोझला त्यातील 'रेओ-क्रुआ' ही सर्वोच्च पदवी मिळाली आणि तिच्याबरोबर जन्मभराची बंधने आली. प्राण्यांचे रक्त, चरबी आणि मूत्रपिंडे खायची नाहीत. ठरलेल्या दिवशी उपास करायचा. दर सहा तासांनी, म्हणजे सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि मध्यरात्री, नेमलेली प्रार्थना म्हणायची. मध्यरात्रीची प्रार्थना आटोपून सकाळी पेढीवर बसणारा व्यापारी डोळ्यांसमोर आणला की 'शपथ' या शब्दातले नाट्य पार ओसरते.

मुख्य विधी विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या, सुमारास होत आणि ज्याने त्याने ते एकट्याने, आपल्या खोलीत करायचे असत. अंगावरचे कपडे काळे, त्यावर पायघोळ पांढरा झगा आणि झग्याला ज्वाळेच्या रंगाची किनार. अंगावर धातू म्हणून काही ठेवायचे नाही, साधी टाचणीसुद्धा नाही. जमिनीवर खडूने वर्तुळे काढायची, पूर्वेच्या कोपऱ्यात वर्तुळाचा चतुर्थांश आखायचा, जागोजागी मेणबत्त्या लावायच्या, धूप घालायचा, पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणायची आणि जमिनीवर पालथे पडून आवाहन करायचे. शेवटी दिवे मालवून अंधारात वाट पाहायची.

वाट कशाची, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे. ज्या खुणा दिसाव्यात अशी अपेक्षा असे त्यांना ते 'पास' म्हणत. निळसर, पांढरा किंवा तांबूस पांढरा प्रकाश, ठिणग्या, क्षणभर झळकून जाणारी एखादी आकृती, आणि सोबत अंगावर सरसरून येणारा काटा, असे त्यांचे वर्णन मार्तिनेसने शिष्यांना लिहिलेल्या पत्रांतून सापडते. आजकाल अशा संप्रदायांविषयी बोलताना 'व्हिज्युअलायझेशन' हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि तो मला येथे चुकीचा वाटतो. आपल्या भाषेत हा फरक अधिक स्वच्छ सांगता येतो. मानसपूजेत आपण मूर्ती मनात घडवतो, तिला स्नान घालतो, फूल वाहतो, म्हणजे कर्ता आपणच असतो. दृष्टान्त मात्र होतो, तो कोणाला करता येत नाही. एलू कोएनांना दृष्टान्त हवा होता. मनाने रचलेले चित्र मार्तिनेसला संशयास्पद वाटे, कारण दुष्ट शक्ती माणसाला फसवतात त्या त्याच्या विचारांतूनच, असे तो शिकवी.

ख्रिस्ती परंपरेत मानसपूजेच्या जातीची साधना नाही असे मुळीच नाही. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस हा मूळचा शिपाईगडी. १५२२ साली स्पेनमधील माँसेरातच्या काळ्या मातेपुढे, म्हणजे मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे, त्याने जुन्या नाइटांच्या रीतीने रात्रभर जागरण केले आणि तलवार तेथेच ठेवून दिली. त्याने आखून दिलेल्या साधनेत प्रत्येक बैठकीच्या आरंभी जागा मनात उभी करायची असते, जसे की रस्ता किती लांब, गुहा किती ठेंगणी, तेथे कोण उभे आहे आणि ते काय बोलत आहेत. ज्यांचे शव आज गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे ते फ्रान्सिस झेवियर याच साधनेतून गेले होते, आणि १५३४ साली पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर इग्नेशियसबरोबर व्रत घेणाऱ्यांत तेही होते. तेव्हा मन चालवून पाहण्याची ही वाट उघड आणि चर्चच्या छत्राखालची होती, तर विलेर्मोझने धरलेली वाट डोळे उघडे ठेवून अंधारात पाहण्याची.

आणि विलेर्मोझला काही दिसेना. वर्षामागून वर्षे विषुवदिन येत, तो उपास करी, खडूची वर्तुळे आखी, मेणबत्त्या मालवी, आणि खोली काळोखीच राही. त्याने गुरूला पत्रांतून आपली निराशा कळवली. उत्तरे आली ती थोडक्यात अशी की देणारा मी नव्हे, ती 'वस्तू' देते. ज्या शक्तीला कोएन आवाहन करत तिला ते नुसते 'ला शोझ', म्हणजे 'ती वस्तू', म्हणत. एखाद्या व्यापाऱ्याने असला सौदा केव्हाच मोडला असता. या व्यापाऱ्याने तो मोडला नाही, हे मला त्या साऱ्या प्रकाशांपेक्षा अधिक नवलाचे वाटते.

त्याचा गुरुबंधू लुई-क्लोद द सँ-मार्तँ याची गोष्ट निराळी. तो काही काळ मार्तिनेसचा चिटणीस होता आणि पुढे लिओंमध्ये विलेर्मोझच्याच घरी राहिला. देवाची प्रार्थना करायला एवढे सगळे लागते का, असे त्याने एकदा गुरूला विचारल्याचे सांगतात, आणि जे हाताशी आहे त्यावर भागवावे लागते, असे काहीसे गुरूचे उत्तर होते. सँ-मार्तँने पुढे वर्तुळे आणि धूप सोडून अंतर्मुख प्रार्थनेची कास धरली.

मार्तिनेस १७७२ मध्ये वारशाच्या कामासाठी कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग बेटावर गेला आणि १७७४ साली तिथेच वारला. विलेर्मोझ तोवर जर्मनीतील 'स्ट्रिक्ट ऑब्झर्व्हन्स' या मंडळाकडे वळला होता. आपण मध्ययुगीन टेम्प्लर नाइटांचे, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातील लढवय्या संन्याशांचे, वारस आहोत असा या मंडळाचा दावा होता. प्रत्येकाला एक लॅटिन नाव मिळे. संस्थापक बॅरन फोन हुंड स्वतःला 'तलवारीचा नाइट' म्हणवी, तर विलेर्मोझचे नाव 'आब एरेमो', म्हणजे 'निर्जन वनाचा' असे होते. येथली शपथ मात्र मला अंगावर येणारी वाटते, कारण ती कोणी कधी न पाहिलेल्या 'अज्ञात वरिष्ठां'च्या आज्ञापालनाची होती. १७७८ साली लिओंमध्ये भरलेल्या सभेत विलेर्मोझने फ्रान्समधील शाखेला 'पवित्र नगरीचे परोपकारी नाइट' हे नवे नाव दिले आणि १७८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म्सबाद येथे टेम्प्लरांच्या थेट वारशाचा दावाही अधिकृतपणे सोडून देण्यात आला. वारसा आत्मिक तेवढा उरला, आणि व्रताचा रोख धर्मनिष्ठा व दानधर्म यांकडे वळला.

गेल्या मार्चमध्ये मी रोन नदीच्या काठाने दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर असलेल्या व्हिएन गावी जाऊन आलो. हे ऑस्ट्रियाचे व्हिएन्ना नव्हे. २२ मार्च १३१२ रोजी पोपने टेम्प्लर संप्रदाय बरखास्त केला तो येथील धर्मसभेच्या वेळी. सँ-मोरिसच्या कॅथेड्रलमध्ये त्या दिवशी तीन-चार पर्यटक आणि झाडू मारणारी एक बाई एवढीच माणसे होती. बाकावर बसून मी टेम्प्लरांच्या जुन्या नियमावलीतील एक कलम आठवत होतो. मोहिमेवर असल्यामुळे ज्याला चर्चमधील उपासनेला हजर राहता येत नाही, त्याने पहाटेच्या उपासनेऐवजी तेरा वेळा, संध्याकाळी नऊ वेळा आणि इतर प्रहरी सात वेळा 'हे आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणावी, असे ते सांगते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रते सगळ्यांना ठाऊक असतात, ही मोजणी मात्र सहसा कोणी सांगत नाही.

परतल्यावर शेजाऱ्यांना मी मुंबईची एक हकिकत सांगितली आणि ती त्यांना ठाऊक नव्हती, याचा मला थोडा आनंदही झाला. जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरने १८४३ साली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे भारतीयांना प्रवेश देणारे लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, काढले आणि पारशी गृहस्थ त्यात आले. हाच बर्न्स टेम्प्लरांचा मोठा अभिमानी होता आणि त्याने त्यांचा इतिहासही लिहिला होता. साध्या लॉजमध्ये माणूस आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेऊ शकतो, पण नाइटांच्या पायरीवर ख्रिस्तावरची श्रद्धा लागतेच. "म्हणजे दरवाजा तुमच्याकडेही अर्धाच उघडला," शेजारी म्हणाले, आणि त्यांनी कॉफी ओतली.

मग त्यांनी मला विलेर्मोझच्या १८२१ सालच्या एका पत्राविषयी सांगितले. नव्वदी पार केलेला हा म्हातारा एका जुन्या मित्राला मार्तिनेसबद्दल लिहितो आहे. गुरू जाऊन सत्तेचाळीस वर्षे झाली आहेत, मधल्या काळात क्रांती झाली, लिओंला वेढा पडला, संप्रदाय बंद पडला. तरी तो लिहितो की त्या असामान्य माणसाला जोड असा दुसरा आपण कधी पाहिला नाही.