नरसाळं

बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला, शाळेला पन्नास वर्षं झाली, स्मरणिका काढतोय, माजी विद्यार्थ्यांनी लिहून पाठवा. मी तेव्हा डब्लिनला बसमध्ये होतो आणि माझा स्टॉप निघून गेला तरी मला कळलं नाही. जांभ्याच्या पायऱ्या, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, पावसात गळणारी प्रयोगशाळा हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यावर बाकीचे लिहितील. मी आपल्या इंग्रजीच्या बाईंबद्दलच लिहिणार, इतर गुरुजनांनी राग मानू नये.

आठवीत मी पर्जन्यमापक बनवला होता, बाटली, पट्टी आणि घरातलं रेशनचं रॉकेल ओतायचं नरसाळं. आईने राखेने चार वेळा घासून दिलं तरी वास गेला नव्हता. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक आले, बोट दाखवून हे काय विचारलं, मी म्हटलं नरसाळं. इंग्लिशमध्ये काय म्हणतात? मला येईना. "फनेल म्हण रे, काय गावठी बोलतोस" म्हणून ते पुढे गेले आणि शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. परत येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो तर बाई बाजूला येऊन बसल्या. समजूत वगैरे काढली नाही. म्हणाल्या, "तुला आयर्लंडातल्या एका मुलाची गोष्ट सांगते."

ती गोष्ट जेम्स जॉइसच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' मधली, १९१६ चं पुस्तक, बाईंना एम.ए.ला होतं. कॉलेजात शिकणारा स्टीफन आणि तिथले इंग्रज डीन बोलत असतात, विषय कलेचा, सुंदर म्हणजे काय असा, आणि बोलता बोलता दिव्यात तेल ओतायचं निघतं. डीन म्हणतात फनेल. स्टीफन म्हणतो टनडिश. डीननी हा शब्द कधी ऐकलेलाच नाही, ते विचारतात आयर्लंडमध्ये असं म्हणतात का? तेव्हा स्टीफनच्या मनात येतं की आपण बोलतोय ती भाषा आधी ह्यांची आणि मग माझी, घर हा साधा शब्दसुद्धा ह्यांच्या तोंडी वेगळा आणि माझ्या तोंडी वेगळा. पुढे बऱ्याच दिवसांनी तो शब्द शोधून बघतो तर टनडिश अस्सल जुना इंग्रजीच निघतो!

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऑफिसच्या कपाटातला शब्दकोश काढून माझ्यापुढे ठेवला. नरसाळे. छापलेलं होतं. "गावठी म्हणे!" एवढंच म्हणाल्या, पण बाई चिडलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. मग फनेलचं स्पेलिंग दहा वेळा लिहून घेतलं माझ्याकडून, कारण हाही शब्द तुझा झाला पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं.

आज मी इथल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे, माझ्या हाताखाली सहा जण आहेत, आणि सेपरेटिंग फनेल हातात घेतलं की दर वेळी ती एसटी आठवते. राहायला डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागाजवळ. स्टीफन डीनना सांगतो ना की आमच्या लोअर ड्रमकॉन्ड्रात टनडिशच म्हणतात, तेच हे. घर बघायला आलो तेव्हा पाटी वाचून मी रस्त्यातूनच बाईंना फोन लावला होता.

जॉइस मी इथे आल्यावर स्वतः वाचला, त्याची 'युलिसिस' ही जाडजूड कादंबरी तीनदा अर्धवट सोडून चौथ्यांदा पूर्ण केली. हा माणूस १९०४ च्या ऑक्टोबरात, बाविसाव्या वर्षी प्रेयसी नोरा बार्नाकलला घेऊन देश सोडून गेला, १९१२ नंतर परत आलाच नाही, १९४१ ला झुरिचमध्ये वारला आणि तिथेच पुरला. राष्ट्र, भाषा, धर्म ही इथे जन्मलेल्या आत्म्यावर टाकलेली जाळी आहेत, मला त्यांना चुकवून उडायचंय असं त्याचा स्टीफन म्हणतो, आणि आयर्लंडला तर स्वतःची पिल्लं खाणारी डुकरीण म्हणतो. बाईंनी जाळ्यांचं सांगितलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना रापणच, किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, दिसली होती. पण त्याने आयुष्यभर लिहिलं कशावर, तर डब्लिनवर, आणि तेही ट्रिएस्ट, झुरिच, पॅरिसात बसून. १९२१ मध्ये पॅरिसहून जोसेफिन मामीला पत्र लिहून विचारतो की एकल्स स्ट्रीटच्या सात नंबरचं रेलिंग साध्या माणसाला ओलांडून, लोंबकळून, न लागता खाली उडी मारता येईल का, कारण 'युलिसिस'चा नायक ब्लूम, त्याला तसं घरात शिरायचंय. असा माणूस देशाचा द्वेष करायचा हे मला कुणी कितीही सांगितलं तरी पटणार नाही. हे लिहिताना मीसुद्धा वहिनीला फोन करून विचारलं की शाळेची पाण्याची टाकी विहिरीच्या कुठल्या बाजूला होती.

मागच्या वर्षी आलो तेव्हा टाकी नव्हती, प्रयोगशाळेच्या जागी कॉम्प्युटर रूम आहे, विज्ञान आता इंग्रजीतून. चांगलंच आहे. पण आठवीतल्या मुलांना नरसाळं म्हणजे काय विचारलं तर ती एकमेकांकडे बघायला लागली, आणि मला फार वाईट वाटलं.

बाईंना आता काचबिंदूमुळे वाचता येत नाही. जॉइसलाही तो होता, डोळ्यांची कितीतरी ऑपरेशनं झाली त्याच्या. १६ जूनला, म्हणजे आपल्याकडे शाळा सुरू व्हायच्या दिवसांत, इथे ब्लूम्सडे असतो, 'युलिसिस' घडतं तो १९०४ मधला दिवस. लिंकन प्लेसला स्वेनीचं जुनं औषधाचं दुकान आहे, ब्लूम तिथून लिंबाचा साबण घेतो आणि पैसे नंतर देतो म्हणतो. आता तिथे औषधं मिळत नाहीत, स्वयंसेवक जॉइसचं वाचन घेतात आणि तो साबण अजून विकतात. मी दोन वड्या ओळखीच्यांबरोबर बाईंना पाठवल्या. त्यांनी वापरल्या नाहीत, साड्यांच्या कपाटात ठेवल्यात. मग फोनवर म्हणाल्या, ते टनडिशचं पान वाचून दाखव. मी वाचलं, त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, "तिथे नरसाळं म्हण." मी म्हटलं.

डिसेंबरात कार्यक्रमाला मी येतोय. बाईंना घरून आणायची गाडी मी करणार आहे, समितीने ते काम दुसऱ्या कुणाला देऊ नये.