एफएम २४, बेळगाव सेव्ह: तिसरा आणि चौथा सीझन

एफएम म्हणजे ‘फुटबॉल मॅनेजर’, क्लबचा मॅनेजर होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम; त्यातला एक चालू डाव म्हणजे सेव्ह. माझ्या सेव्हची मागची नोंद प्रमोशनवर थांबली होती. आय-लीग (भारतातली दुसऱ्या पातळीची लीग) जिंकून सर्वांत वरच्या सुपर लीगमध्ये गेलो, आणि त्या रात्री आनंदानं झोप लागली नव्हती. त्यापुढचं आज लिहितो. जानेवारीत मला काढलं.

नव्यानं वाचणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. एफएम २५ रद्द झाल्यावर २४ वरच एक लांब सेव्ह चालवायचं ठरवलं आणि ‘क्रिएट अ क्लब’मधून बेळगावचा क्लब उभा केला. मैदानाचं नाव लेले मैदान ठेवलं, कारण टिळकवाडीतल्या त्याच मैदानाच्या कडेला बसून मी लहानपणी मॅच बघितल्या. पहिल्या सीझनला चौथा नंबर, दुसऱ्याला विजेतेपद.

तिसऱ्यात काय चुकलं ते नीट लिहितो, कारण वर चढलेल्या टीमसोबत बहुतेकांचं हेच होतं. आय-लीग मी ४-२-३-१ ची रचना आणि जोरदार प्रेसिंगवर (बॉल समोरच्याकडे गेला की लगेच अंगावर धावून जाणं) जिंकली होती. डिफेन्सची लाइन एकदम वर. तीच तशीच पुढं चालवली. पण सुपर लीगमध्ये समोरचे ४ परदेशी एकाच वेळी मैदानात असतात, आणि माझ्याकडे त्या दर्जाचा जेमतेम एक. साठाव्या मिनिटापर्यंत माझी पोरं पळून पळून थकायची, प्रेस ढिला पडायचा, आणि मागच्या मोकळ्या जागेत लांब बॉल पडायचा. पाच मॅच अशाच शेवटच्या अर्ध्या तासात घालवल्या. डेटा हब (गेममधलं आकडेवारीचं पान) तेच दाखवत होता. मी ते बघत होतो, तरी लाइन खाली आणली नाही. जिंकलेली टॅक्टिक सोडायला जीव होत नव्हता. १३ मॅच, १ विजय, ३ बरोबरी.

सेकंड शिफ्ट करून उद्यमबागेतून घरी आलो, जेवलो, लॅपटॉप उघडला. इनबॉक्समध्ये सर्वांत वर बोर्डाचा निरोप. दोनदा वाचला. सकाळी मावसभावाला सांगितलं तर म्हणाला, “अरे, क्लब तूच काढलास, आणि तुलाच काढलं की रे!” मागची सेव्ह लोड करायचा मोह खूप झाला. नाही केली. केली असती तर ही नोंद लिहायला तोंड उरलं नसतं.

तेव्हा एफसी गोवाचा जुना कोच सर्जिओ लोबेरा आठवला. आमच्याकडे चोर्ला घाट उतरला की गोवा, त्यामुळे घरात एफसी गोवाचीच मॅच लागते. २०१९ च्या सुपर लीग फायनलला बेंगळुरूनं जादा वेळेत हेडरवर १-० नं हरवलं, तेव्हा कर्नाटकात बसून आम्ही गोव्यासाठी हळहळत होतो. पुढच्याच सीझनला, जानेवारी २०२० अखेर, टीम टेबलात वर असताना लोबेरांना जावं लागलं. लीग शील्ड (टेबलात पहिलं येणाऱ्याची ढाल) गोव्यानंच जिंकली, पण तेव्हा मैदानाच्या बाजूला ते नव्हते. आर्मांदो कोलासोंचंही तसंच. गोव्याच्याच डेम्पो क्लबला ५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा कोच, आणि २०११ मध्ये भारताच्या टीमचा कोच म्हणून काही महिनेच टिकला. क्लबमध्ये मांडलेला संसार दुसरीकडे तसाच मांडता येत नाही, हे मला आता उमगतंय.

पाच महिने बेकार. सात अर्ज, दोन मुलाखती. शेवटी आय-लीगमधल्याच तळाच्या एका टीमनं घेतलं. इथं पहिल्या दिवसापासून ४-४-२, लाइन खाली, बॉल मिळाला की थेट पुढं. बघायला देखणं नाही, पण टीम आता पाचवी आहे, आणि १४ मॅचमध्ये फक्त १२ गोल खाल्लेत.

आणि मग कपचा ड्रॉ निघाला: बेळगाव, त्यांच्या मैदानावर.

बेळगावच्या पहिल्या यूथ इनटेकमधला (अकॅडमीतून दरवर्षी येणारी नवी पोरं) तो सोळा वर्षांचा स्ट्रायकर जुन्या वाचकांना आठवत असेल. २० पैकी पेस (वेग) १५, डिटरमिनेशन (जिद्द) १७, डावा पाय अगदीच कच्चा. त्याच्यावर मी एका नोंदीत दोन परिच्छेद घातले होते. तो अजून तिथंच आहे, आता एकोणीस वर्षांचा, नऊ नंबरची जर्सी. त्याला थोपवायचं कसं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याला सतत कमजोर पायावर ढकलायची सूचना लावली आणि सेंटर बॅक घट्ट चिकटवला.

एक तास सगळं ठरल्यासारखं चाललं. कॉर्नरवर आम्ही १-० पुढं गेलो. ७१ व्या मिनिटाला बॉक्सच्या कडेवर बॉल त्याच्याकडे आला. उजवीकडची वाट माझ्या बॅकनं बंद केली, बरोबर मी सांगितलं तशी. तो डावीकडे वळला आणि डाव्या पायानं लांबच्या कोपऱ्यात मारला.

मॅच थांबवून त्याचं प्रोफाइल उघडलं. डावा पाय: बराच सुधारलेला. दुसऱ्या सीझनला त्याला कमजोर पायाचं जादा ट्रेनिंग मीच लावलं होतं आणि पार विसरून गेलो होतो. नंतर आलेल्या मॅनेजरनंही ते काढलेलं नाही.

२-१ नं हरलो. दुसरा गोलही त्याचाच. त्याच्या नावासमोरचं १० पैकी ८.६ रेटिंग बघून छाती भरून आली, आणि हरल्याचं दुःखही तेवढंच झालं.

पुढची मॅच लीगची, घरच्या मैदानावर. राइट बॅक सस्पेंड आहे, त्याच्या जागी अकॅडमीतल्या सतरा वर्षांच्या पोराला उतरवतोय.